राखेचा डोंगा

वर्ध्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या काँक्रीटच्या प्रयोगशाळेत कामाला लागून प्रेमदासला चौदा वर्षं झाली होती, आणि या चौदा वर्षांत त्यानं जे जे घडवलं ते सगळं स्वतःच्या हातानं फोडलं होतं. नोकरीच तशी होती. लोखंडी साच्याला आतून तेल लावायचं, सिमेंट, रेती, गिट्टी कालवून तीन थरांत भरायची, सळईनं ठोकायची. दुसऱ्या दिवशी साचा उघडून चौकोनी ठोकळा बाहेर काढायचा, त्याच्यावर रंगानं तारीख घालायची आणि पाण्याच्या टाक्यात सोडायचा. अठ्ठावीस दिवसांनी तोच ठोकळा पुसून यंत्रात ठेवायचा आणि दाबून फोडायचा. किती भाराला फुटला तो आकडा मुलं वहीत उतरवून घेत. तुकडे प्रेमदास मागच्या दारानं नेऊन टाकी. तिथं आता एक बुटकी टेकडी झाली होती आणि पावसाळ्यात तिच्यावर तरोटा माजत असे.

कामाचा त्याला कंटाळा नव्हता. दुपारी मुलं जेवायला गेली की वरच्या झरोक्यातून ऊन तिरपं होऊन टाक्यात उतरायचं. तळाशी ओळीनं मांडलेले ठोकळे हिरवट पाण्यात किंचित हलल्यासारखे दिसायचे. पाण्याखाली एखादं गाव असावं, घरांची दारं कुणीतरी बुजवून टाकलेली असावीत, असं त्याला वाटे. तो टाक्याच्या काठावर बसून डबा खायचा आणि त्या गावात कोण राहत असेल याचा विचार करत राहायचा. एकदा हे त्यानं बायकोला सांगायला घेतलं होतं. कमलाबाई सेवाग्रामच्या दवाखान्यात आया होती, पाळी करून थकून आली होती. "जेवून घ्या आधी," एवढंच ती म्हणाली. मग त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात जया मॅडमनं आपलं काम त्याच्याकडे आणलं. ती कॉलेजात शिकवायची आणि नागपूरला एम.टेक.चा प्रबंध करायची. सिंदी रेल्वे या गावच्या एका कापूस व्यापाऱ्याची धाकटी मुलगी. सकाळच्या पॅसेंजरनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. कमी बोलायची, आणि बोलताना समोरच्याच्या हातांकडे पाहायची. तिनं पहिल्या दिवशी दोन पोती राख आणवून घेतली. वीज केंद्रातली, पिठाहून बारीक, करडी.

"सिमेंट कमी करायचं आणि त्याच्या जागी ही घालायची," ती म्हणाली. "वीज केंद्रापाशी हिचे डोंगर पडलेत, उडून लोकांच्या घरात जाते. आणि सोबत धागे घालून पाहायचे. मातीत आपण कुटार मिसळतो ना भिंत लिंपताना, तडे जाऊ नयेत म्हणून? तसं."

"मग कुटारच टाकाना," प्रेमदास म्हणाला.

"कुजतं."

पहिल्यांदा त्यांनी अंबाडीचे धागे घालून पाहिले. सिमेंटच्या खारानं अंबाडी काळी पडली आणि बोटांनी चुरली जाऊ लागली. मग लोखंडी तारेचे तुकडे. ते चांगले होते, पण जड आणि महाग. मॅडम रोज वहीत काहीतरी लिहायची आणि खोडायची.

दिवाळीत प्रेमदास बहिणीकडे गेला. मनकर्णाबाई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी, रोहण्याच्या पुढं वर्धा नदीच्या काठी वडघाटला दिलेली. तिचा नवरा चिंधू ढीवर, मासे धरायचा आणि घाटावर डोंगा चालवायचा. गावातल्या निम्म्या लोकांची वावरं नदीपलीकडे अमरावतीच्या हद्दीत होती, त्यामुळं सकाळ-संध्याकाळ माणसं, विळे, भाकरीची फडकी, कधी एखादी बकरी, असं सगळं चिंधूच्या डोंग्यातून पार व्हायचं. त्या दिवाळीत मात्र डोंगा काठावर पालथा पडलेला होता. सागाच्या फळ्या खालून कुजल्या होत्या, बोट लावलं की आत जात होतं. चार रिकामे ड्रम बांधून त्यावर फळ्या टाकून चिंधू लोक नेत होता, आणि तो तराफा मध्यधारेत भोवऱ्यासारखा गरगर फिरत होता.

"नवा काऊन नाई करत भाऊजी?" प्रेमदासनं विचारलं.

"साग कुठून आणू?" चिंधू म्हणाला. त्याच्या मांडीवर जाळं होतं, फाटलेलं, आणि तो त्याच्या गाठी उगाच चाचपत होता. "हे बी गेलं. नायलॉनचं हाय, कुजतबी नाई आन् कामाचंबी नाई. चुलीत टाकलं तं घरभर वास सुटते."

प्रेमदासनं ते जाळं हातात घेतलं. ओढून पाहिलं. मग तो म्हणाला, "मले द्या हे. असं जेवढं असंन तेवढं द्या."

ढीवरांच्या सगळ्या घरांमधून एक पोतंभर जाळी निघाली. एसटीत लोकांनी नाकाला पदर लावले. प्रयोगशाळेत सोड्याच्या पाण्यात तीनदा धुऊनही माशांचा वास गेला नाही, आणि दोन मांजरी आठवडाभर दारात ठाण मांडून बसल्या. दुपारी मॅडम आणि प्रेमदास समोरासमोर बसून कात्रीनं जाळी कापत. एकेक धागा बोटाच्या पेराएवढा. निळे, हिरवे, पांढरे धागे. पंख्याच्या वाऱ्यानं ते उडायचे, मॅडमच्या केसांत जाऊन बसायचे. ती ते काढून घमेल्यात टाकायची.

त्या मिश्रणाचे ठोकळे यंत्रात ठेवले तेव्हा प्रेमदास सवयीनं एक पाऊल मागं सरला. काटा चढत गेला, थांबला आणि उतरू लागला. फुटताना नेहमी येतो तसा आवाज आला नाही. तुकडे उडाले नाहीत. त्यानं ठोकळा बाहेर काढला. भेगांनी तो सगळीकडून चिरला होता, तरी जागच्या जागी होता. भेगांमधून निळे धागे दिसत होते, या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेले.

"फुटला, पण सुटला नाही," प्रेमदास म्हणाला.

मॅडमनं तो त्याच्या हातातून घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी राख संपली तेव्हा ते दोघं कॉलेजच्या ट्रकनं वीज केंद्रावर गेले. राख पाण्यासोबत पाइपानं वाहून एका मोठ्या तलावात सोडली जात होती. प्रेमदासनं असा तलाव कधी पाहिला नव्हता. दूरपर्यंत करडं, निश्चल पाणी. ना पक्षी, ना झाड, आणि आभाळही त्याच रंगाचं, त्यामुळं कडा कुठं संपते ते कळत नव्हतं. आणि काठाकाठानं पांढरी साय धरली होती. वाऱ्याबरोबर ती सरकत यायची, किनाऱ्याला लागून थांबायची.

तो वाकला आणि ओंजळ भरली. ओंजळीत काही आहे असं वाटेना. मोत्याच्या चुऱ्यासारखी ती चमकत होती, आणि वजन नव्हतंच.

"हीपण राखच आहे," मॅडम मागून म्हणाली. "भट्टीत कोळसा जळतो तेव्हा काही कण फुग्यासारखे फुगतात आणि तसेच थंड होतात. आत नुसती हवा. म्हणून बुडत नाहीत."

प्रेमदासनं ओंजळ पाण्यावर उघडली. राख पसरली आणि तरंगत दूर गेली. तिथल्या माणसाला विचारून त्यानं ती साय चाळणीनं काढली, वाळवली आणि एक पोतं भरलं. पोतं त्याच्याएवढं उंच झालं, आणि ते त्यानं एका हातानं ट्रकमध्ये ठेवलं. परतीच्या वाटेवर तो त्या पोत्याला टेकून झोपला. झोपेत त्याला टाक्याखालचं ते गाव दिसलं. घरं एकेक करून तळापासून सुटत होती आणि सावकाश वर येत होती.

दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गावर असताना त्यानं त्या तरंगत्या राखेचा एक ठोकळा भरला. गिट्टी घातली नाही, रेतीही नाही. सिमेंट थोडं आणि बाकी सगळी ती पांढरी राख. आठवड्यानं तो टाक्यात सोडला तर खाली गेलाच नाही. पाण्यावर पाठ काढून राहिला. प्रेमदासनं बोटानं खाली दाबला. तो खाली गेला आणि परत वर आला, आणि हळूहळू टाक्याच्या त्या टोकाला निघून गेला.

मॅडम आली, पाहत उभी राहिली.

"याला जोर नसेल," ती म्हणाली. "यंत्रात ठेवला तर लगेच चुरा होईल."

"यंत्रात नोका ठेवू मॅडम."

एवढ्या वर्षांत त्यानं असं पहिल्यांदा म्हटलं होतं. त्यालाही ते नवल वाटलं. मग धीर करून त्यानं मनात होतं ते सांगितलं: वडघाटचा घाट, कुजलेला डोंगा, ड्रमांचा तराफा. जाळ्याचे धागे, ही हलकी राख, ती बारीक राख आणि थोडं सिमेंट. खुराड्याला लावतात त्या तारेच्या, कोंबडीच्या जाळीचे दोन पदर. बोटभर जाडीचं अंग.

"डोंगा माझ्या प्रबंधात बसत नाही, प्रेमदासभाऊ," मॅडम म्हणाली. "आणि माणसं बसणार त्यात. मला पोहता येत नाही. मी नदीत कधी पाऊल ठेवलेलं नाही." ती गाडीला निघून गेली. पण सोमवारी आली तेव्हा वहीत नवं पान होतं, आणि त्यावर डोंग्याचं चित्र होतं, लांबी, रुंदी, खोली सगळं लिहून. सगळीच हलकी राख घातली तर डोंगा ठिसूळ होईल, अगदी नाही घातली तर जड. तिनं आणि प्रेमदासनं मिळून सात मिश्रणं करून पाहिली. पाचवं निवडलं.

जानेवारीत संक्रांत झाल्यावर ते वडघाटला गेले. चिंधूनं ऐकून घेतलं आणि तो नदीकडे पाहत बसला.

"गोट्याचा डोंगा," तो म्हणाला. "पाण्याले हसू येईन."

"येऊ द्या," मनकर्णाबाई म्हणाली. "एवढे दिवस लाकडाचा होता तं पाणी काय रडत होतं?"

साचा म्हणून त्यांनी जुना डोंगाच घेतला. वाळूवर पालथा घातला, त्याच्या अंगावर प्लॅस्टिक ताणलं, वर कोंबडीची जाळी बसवली. मग सकाळी धुकं असतानाच कालवायला सुरुवात झाली. ढीवरांची सगळी घरं आली होती. बायका घमेली पुढं देत होत्या, पुरुष थापीनं थर चढवत होते, आणि मॅडम एका तारेचं टोक रोवून जागोजागी जाडी मोजत होती. कुणी जास्त जाड लावलं की म्हणायची, "एवढं नको, तो पोहणार आहे." मिश्रणातले धागे पाहून एक म्हातारी थांबली. हिरवा धागा ओढून म्हणाली, "हे माह्या लेकाचं जाळं व्हय." मग तिनं तो धागा परत दाबून बसवला आणि वरून हात फिरवला.

दुपारी डोंगा झाला. धुकं गेलं होतं. वाळूवर एक करडी, ओली पाठ पडली होती, एखादं मोठं जनावर नदीतून निघून ऊन खात झोपावं तशी. लोक तिच्याभोवती उभे होते.

"आता नव्वद दिवस," मॅडम म्हणाली. "रोज ओला ठेवायचा. एक दिवसही सुकू द्यायचा नाही."

"तुमच्या कॉलेजात तं अठ्ठावीस दिवस म्हणतेत," चिंधू म्हणाला. प्रेमदासनं त्याला सांगितलं असावं.

"सिमेंट लवकर जागं होतं. राखेला जाग उशिरा येते. तिला वेळ द्यावा लागतो."

हे मनकर्णाबाईला पटलं. तिनं डोंग्यावर गोणपाटं पांघरली आणि रोज तीन वेळा नदीतून घागरीनं पाणी आणून टाकू लागली. सकाळी, दुपारी, दिवे लागायच्या आधी. पाणी टाकताना ती त्याच्याशी बोलायची. आज कोणाच्या वावरात तूर निघाली, कोणाची सून माहेरी गेलती ते आली, रोहण्याच्या बाजारात वांगी काय भावानं गेली. प्रेमदास दर रविवारी यायचा. गोणपाट उचलून हात लावायचा. आत काहीतरी मुरत होतं, थंड, सावकाश. होळी आली आणि गेली. पळस फुलून गळला. नदी आटत घाटापासून दूर सरली, फक्त डोहात पाणी उरलं, काळं आणि खोल. चिंधू तराफ्यावरून लोक नेत होता आणि येता-जाता त्या गोणपाटांकडे पाहत होता, पण जवळ जात नव्हता.

एप्रिलच्या मध्यात सोळा माणसांनी बांबू घालून डोंगा सुलटा केला. जुन्या फळ्या आतून एकेक करून काढल्या, त्या हातातच मोडत होत्या. मग ओंडक्यांवरून ढकलत डोहापर्यंत नेला आणि पाण्यात सोडला.

त्यानं आवाज केला नाही. थोडा दबला, डावीकडे झुकला, सरळ झाला आणि थांबला. पाण्याला त्याचं ओझं झालं असं वाटलं नाही. डोहातल्या आभाळावर तो तसाच उभा होता.

मनकर्णाबाई पदर खोचून पुढं झाली. मॅडमनं तिला अडवलं.

"आधी रेती. मग माणसं."

वीस पोती भरून ठेवली होती. एकेकात पन्नास किलो. एकोणीस-वीस माणसांचं वजन, चिंधूच्या नेहमीच्या खेपेच्या दीडपट. हे काम प्रेमदासचं होतं. तो पोतं ठेवायचा, मॅडम काठावरून पाण्याची रेघ पाहायची आणि लिहायची. पाच. आठ. बारा. चौदावं पोतं ठेवून त्यानं मॅडमकडे पाहिलं. एवढी वर्षं त्यानं असंच भार वाढवत नेला होता, फुटेपर्यंत, आणि फुटल्यावरच काम पुरं झालं असं मानलं होतं.

"थांबू का मॅडम?"

"नाही. वीस ठरलेत."

त्यानं उरलेली पोती ठेवली. वीस झाली. डोंगा खोल बसला, पण काठ पाण्याच्या वर होते. प्रेमदास पोत्यांमधून वाकून आत पाहत होता, आणि त्याला ती दिसली. तळाला मधोमध केसासारखी बारीक भेग, हातभर लांब. तिच्यातून पाणी घामासारखं पाझरत होतं.

मॅडमनं त्याचा चेहरा पाहिला आणि तीही गुडघाभर पाण्यात उतरून आली. तिनं बॅटरी लावली, जवळून पाहिलं.

"गेला का?" चिंधूनं काठावरून विचारलं.

"धागे धरून आहेत," ती म्हणाली. "रेती काढा. डोंगा इथंच पाण्यात राहू द्या. दोन आठवडे कुणी बसायचं नाही."

"पाण्यात? भेग पडल्यावर पाण्यात ठिवाचा?"

"पाण्यातच."

लोक पांगले. काहींनी हसून घेतलं. चिंधूनं डोंगा दोरानं खुंट्याला बांधला आणि त्या दिवशी तो जेवला नाही, असं मनकर्णाबाईनं नंतर सांगितलं. प्रेमदास वर्ध्याला परत गेला. ते पंधरा दिवस त्याचं कशातच लक्ष लागेना. मुलांचे ठोकळे त्यानं उलटसुलट तारखा घालून ठेवले. टाक्याच्या काठी डबा उघडायचा आणि घास हातातच राहायचा. एका दुपारी मॅडम टाक्याच्या काठावर त्याच्याजवळ येऊन बसली, पहिल्यांदाच.

"मलाही खात्री नाही," ती म्हणाली. "पुस्तकात आहे की बारीक भेग पाण्यात आपोआप भरते. चुना पाझरत येतो आणि तिथं बसतो. राख उरलेली असते, ती काम करत राहते. मी वाचलंय. पाहिलेलं नाही."

मे लागताच ते दोघं गेले. डोंग्याच्या तळाशी चार बोटं पाणी साचलं होतं. चिंधूनं डब्यानं ते उपसलं, गोणपाटानं तळ पुसला, आणि तिघंही वाकून बसले. भेगेच्या जागी पांढरी रेघ होती. पातळ, उंचवट्यासारखी, जखम भरून आल्यावर कातडीवर राहते तशी. प्रेमदासनं नखानं खरवडून पाहिलं. रेघ निघाली नाही. थोडा वेळ थांबून पाहिलं, पाणी आलं नाही.

चिंधूनं त्या रेघेवरून आंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत.

"आपल्याच मनानं भरली," तो हळूच म्हणाला.

पहिल्या खेपेला कोण बसणार यावर मनकर्णाबाई आणि चिंधूचं काही चाललं होतं, तेवढ्यात मॅडम चपला काढून आत जाऊन बसली. दोन्ही हातांनी काठ धरून.

"तुम्हाले तं पोहता येत नाई," प्रेमदास म्हणाला.

"आकडे मी लिहिलेत," ती म्हणाली. "बसा तुम्ही पण."

चिंधूनं लांब बांबूची बल्ली नदीच्या तळाला रोवली आणि काठ दूर गेला. ऊन चढलं होतं, पण डोहावर वारा होता. लाकडाचा डोंगा करकरायचा, प्रत्येक ढकलीला बोलायचा. हा गप्प होता. पाणी त्याच्या अंगाला लागून सरकत होतं तेवढाच आवाज. मधोमध आल्यावर चिंधूनं बल्ली उचलून आडवी ठेवली आणि डोंगा आपल्या आपण वाहू दिला. खाली पाणी इतकं खोल होतं की त्यात काहीच दिसत नव्हतं. प्रेमदासनं तळहात तळाला टेकवला. थंडावा होता, आणि हलका कंप. मॅडमनं एक हात काठावरून सोडला आणि बोटं पाण्यात घातली. पलीकडच्या वावरात एक माणूस बैल सोडून उभा होता, तो त्यांच्याकडे पाहत राहिला.

मॅडमचा प्रबंध त्या वर्षी मंजूर झाला. त्यात डोंगा नव्हता. शेवटच्या पानावर फक्त त्याचा एक फोटो होता, खाली नाव नाही, गाव नाही. पुढच्या वर्षी ती नागपूरच्या कॉलेजात गेली. डोंगा चालत राहिला. पावसाळ्यात चिंधू तो वर ओढून घ्यायचा, दसऱ्याला परत सोडायचा. वडघाटच्या लोकांना त्याचं अप्रूप राहिलं नाही. "राखेतून जाऊ," असं ते सहज म्हणू लागले, जसं एसटीनं जाऊ म्हणावं.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात मॅडमचं पत्र आलं, आणि मागोमाग ती स्वतः आली. केसांत दोन-चार पांढरे दिसत होते. ती आता पीएच.डी. करत होती. तिला डोंग्याचा एक तुकडा हवा होता, तळहाताएवढा. पाच वर्षं नदीच्या पाण्यात राहिलेली राख आतून कशी झाली, धागे कसे राहिले, हे कुणी पाहिलेलं नव्हतं.

"तुकडा फोडून पाहावा लागेल," वडघाटच्या घाटावर बसल्यावर ती म्हणाली. तिनं हे प्रेमदासकडे न पाहता सांगितलं.

प्रेमदास खाली वाळूकडे पाहत बसला. नाही म्हणायचं त्याच्या ओठावर आलं होतं. पण डोंगा त्याचा नव्हता. त्यानं चिंधूकडे पाहिलं. चिंधू आता साठीच्या पुढं गेला होता, एका डोळ्यानं अधू झाला होता. त्यानं विडी विझवली.

"नख काप," तो प्रेमदासला म्हणाला. "बोट नोको कापू."

मागच्या टोकाच्या काठावरून प्रेमदासनं तो तुकडा कापला. त्यानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. करवत सारखी अडत होती, पाती दोनदा बदलावी लागली. एवढं ते कठीण झालं होतं. तुकडा निघाला तेव्हा त्याच्या कापलेल्या बाजूला निळे आणि हिरवे ठिपके होते, धाग्यांची टोकं, जशीच्या तशी. मॅडमनं तो ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. मग बाही वर करून तिनंच घमेल्यात माल कालवला, राख, सिमेंट, चिंधूच्या घरचं जुनं जाळं कापून, आणि प्रेमदासनं ती खाच भरली.

"किती दिवस?" चिंधूनं विचारलं.

"एवढ्याशा खाचेला पंधरा दिवस पुरेत," ती म्हणाली.

पंधरा दिवस डोंगा काठावर राहिला, आणि ड्रमांचा तराफा कधीच मोडून गेला असल्यानं पार जायला काही नव्हतं. प्रेमदासनं रजा टाकली आणि तो तिथंच थांबला. कमलाबाईला निरोप दिला, तीही सातव्या दिवशी चार दिवसांची सुट्टी काढून आली. वडघाटला ती पहिल्यांदाच आली होती. संध्याकाळी ती नणंदेसोबत खाचेवर पाणी टाकायला जायची.

पलीकडे वावरात मुक्काम करून राहिलेली माणसं संध्याकाळी काठावर यायची आणि तिकडून हाका मारायची. नदीवर आवाज सरळ येतो. कुणी विचारायचं, घरी म्हैस व्याली का. कुणी सांगायचं, उद्या हरभऱ्याची भाजी खुडून वाळत घालतो, डोंगा सुरू झाला की पाठवतो. या काठावरून बायका उत्तर द्यायच्या. उत्तर पोचायला थोडा वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ दोन्ही काठ गप्प असायचे.

नवव्या दिवशी पलीकडून एका बाईनं हाक दिली, "चिंधूभाऊ, डोंगा कधी येते?"

चिंधूला नीट दिसत नव्हतं, पण आवाज त्यानं ओळखला. "सहा दिवस हायेत अजून," त्यानं सांगितलं.

"येऊ द्या सावकाश," ती म्हणाली. "आमाले काई घाई नाई. इकडं तूर मस्त आली हाय."

प्रेमदास आणि कमलाबाई काठावर बसून ऐकत होते. नदीवर धुकं उतरायला लागलं होतं, पलीकडची माणसं आता दिसत नव्हती, फक्त बोलणं येत होतं. कमलाबाई पाय पाण्यात सोडून बसली होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ते टाक्यातल्या गावाचं तुम्ही मले सांगणार होते एकदा. काय होतं ते?"

प्रेमदास तिला सांगू लागला.